चर्चिलचे पांढरे देवमासे: थेट कॅमेऱ्यात नेमके केव्हा पाहावेत?

उंबरठा | १८ जुलै, रात्री १०.५२

नमस्कार. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागात चर्चिल नदी हडसन उपसागराला मिळते. तिथे दर उन्हाळ्यात बेलुगा नावाचे पांढरे देवमासे हजारोंच्या संख्येने येतात आणि 'एक्सप्लोर' या संकेतस्थळावर एका लहान बोटीखालच्या कॅमेऱ्यातून ते थेट पाहता येतात, हे येथील काही जणांना ठाऊक असेल.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझी आई दीड महिना घरातच आहे. तिचे बालपण हर्णैला गेले, त्यामुळे समुद्राचे काहीही लावले की ती सरसावून बसते. गेले चार दिवस आम्ही दोघी संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर हा कॅमेरा लावून बसतो आहोत. चार दिवसांत दिसले ते हिरवट पाणी, वर जाणारे बुडबुडे आणि एकदा ओझरती एक जेलीफिश. बराच वेळ तर प्रक्षेपण सुरूच झालेले नव्हते. काल आई म्हणाली, "अगं, दुकान उघडतात तरी का, की नुसती पाटीच लावली आहे?"

भारतातून पाहणाऱ्याने कोणत्या वेळी बसावे, म्हणजे हे प्राणी दिसण्याची शक्यता वाढेल? कोणी नियमित पाहत असल्यास कृपया सांगावे.

शेंगदाणा | १८ जुलै, रात्री ११.१०

मी रोज दुपारी एक वाजता कार्यालयात डबा खाताना पाहतो आणि मला रोज दहाबारा तरी दिसतातच. माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास तिथवर पोहोचत असावा.

तर्कट | १८ जुलै, रात्री ११.२६

शेंगदाणा, उन्हाळ्यात चर्चिलचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपण दुपारी एक वाजता डबा उघडता तेव्हा तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात आणि बोट किनाऱ्याला बांधलेली असते. प्रक्षेपण बंद असताना ते संकेतस्थळ आधी चित्रित केलेले निवडक भाग दाखवते आणि तशी सूचनाही देते. आपण ती वाचलेली दिसत नाही.

शेंगदाणा | १८ जुलै, रात्री ११.३१

म्हणजे गेले तीन आठवडे मी शिळे देवमासे पाहत होतो.

भिंग | १९ जुलै, सकाळी ७.१५

उंबरठाताई, वेळेकडे येण्यापूर्वी हे प्राणी तिथे का येतात ते सांगतो, कारण त्यातूनच केव्हा पाहावे याचे अर्धे उत्तर मिळते.

पश्चिम हडसन उपसागरातील बेलुगांची संख्या सुमारे ५५,००० मानली जाते. हिवाळ्यात उपसागर गोठतो तेव्हा ते हडसन सामुद्रधुनीकडे, मोकळे पाणी मिळेल तिथे जातात. जूनच्या सुमारास बर्फ फुटू लागला की परततात, आणि जुलै व ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा नदीमुखातील त्यांच्या गर्दीचा काळ असतो. एकट्या चर्चिलच्या मुखाशी तीन ते चार हजार बेलुगा येतात. नदीचे पाणी उपसागराच्या पाण्यापेक्षा उबदार असते, आणि बेलुगा दर उन्हाळ्यात कात टाकल्यासारखी जुनी, पिवळट पडलेली त्वचा टाकतात. उबदार पाणी आणि तळाची खडी, दोन्ही त्यासाठी उपयोगी पडतात. खडीवर अंग घासणारे बेलुगा म्हणजे पाठ खाजवायला भिंत शोधणारी म्हैसच. शिवाय तिथे कॅपेलिन नावाची लहान मासळी मिळते, आणि उथळ पाण्यात ऑर्का या शिकारी देवमाशांपासून पिलांना थोडे संरक्षणही मिळते.

म्हणजे आपण योग्य महिन्यात बसला आहात. चुकतो आहे तो तास.

खारेवारे | १९ जुलै, सकाळी ९.४०

तास चुकतो आहे, कारण तुम्ही घड्याळाच्या तासाला बसता आणि हे प्राणी भरतीच्या तासाला येतात. भरतीबरोबर ते नदीत वर शिरतात आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतात. चर्चिलला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ओहोटीला मुखाचा बराच भाग उघडा पडतो. बोटीलाही पाणी लागतेच.

आईंना विचारा, त्यांना तिथीची पाऊणपट नक्की ठाऊक असेल. आमच्या रत्नागिरीकडे आजही जुनी माणसे असाच हिशेब करतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीचा तास येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, नवमीला पावणेसात. दर दिवशी भरती साधारण अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते, हे त्या हिशेबाचे मर्म आहे. चंद्र काही कोकणाला वेगळा आणि कॅनडाला वेगळा नाही, त्यामुळे ही सरकती चाल तिथेही तशीच चालते. फक्त आरंभाचा तास वेगळा असतो. कॅनडा सरकारचा जलसर्वेक्षण विभाग चर्चिल बंदराच्या भरतीचे तक्ते प्रसिद्ध करतो. त्यातून एका दिवसाची वेळ घ्या, साडेदहा तास मिळवा आणि पुढचे आईंवर सोपवा.

तर्कट | १९ जुलै, सकाळी १०.०५

खारेवारे, एक दुरुस्ती. तिथी ही चोवीस तासांची नसते. ती एकोणीस-वीस तासांपासून सव्वीस-सत्तावीस तासांपर्यंत लहानमोठी होते, आणि भरती दिवसाला सरासरी पन्नास मिनिटांनी सरकते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, दिवसांत ती कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत जास्त. त्यामुळे पाऊणपटीच्या हिशेबात अर्ध्यापाऊण तासाची चूक सहज निघते.

खारेवारे | १९ जुलै, सकाळी १०.३०

मान्य आहे. होडी ढकलायला तेवढे पुरते.

विनिपेगकर | १९ जुलै, रात्री ८.५०

मी मॅनिटोबातच राहतो आणि दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये चर्चिलला जाऊन आलो आहे, म्हणून थोडे लिहितो.

चर्चिलला रस्ता नाही. विनिपेगहून एक तर विमानाने जायचे, नाहीतर सुमारे १,७०० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करायचा. त्यात दोन रात्री जातात, आणि दलदलीवर घातलेल्या रुळांवरून शेवटचा टप्पा बैलगाडीच्या गतीने पार पडतो. २०१७ च्या वसंतातील पुराने हा मार्ग वाहून गेला होता, तेव्हा २०१८ च्या अखेरीपर्यंत गावात रेल्वे आलीच नाही आणि हजाराच्या आतल्या वस्तीच्या त्या गावात दुधापासून सगळे विमानाने आणावे लागत होते.

आता मूळ मुद्दा. मी रबरी बोटीतून गेलो तेव्हा आधी वाटले की वाऱ्याने लाटांवर फेस आला आहे. मग लक्षात आले की काही फेस विरत नाही, तो गोल होऊन पुन्हा पाण्यात जातो. त्या पाठी होत्या. बोटीवरून दिसते ते एवढेच, पाठीचा एक तुकडा आणि श्वासाचा फुस्स आवाज. बेलुगाला पाठीवर पर नसतो, बर्फाखाली पोहणाऱ्याला त्याची अडचणच व्हायची. त्याजागी केवळ एक कडक कंगोरा असतो. त्यामुळे डॉल्फिनसारखे काही उंच दिसत नाही. घरी परतल्यावर मी पाण्याखालचा कॅमेरा लावला, तेव्हा बोटीखाली काय चालले होते ते मला कळले. ते पंख्याच्या बुडबुड्यांमागे येतात, पोट वर करून पोहतात, एका कुशीवर होऊन कॅमेऱ्याकडे पाहतात. दोन हजार डॉलर खर्चून मी वरची बाजू पाहिली आणि खालची बाजू फुकटात पाहिली, असे माझी पत्नी सर्वांना सांगते.

वेळेबाबत माझा अनुभव असा की पूर्ण भरतीच्या दोन तास आधीपासून पुढे दोन तासांपर्यंत पाहावे, आणि ती वेळ तेथील दिवसाच्या कामकाजाच्या तासांत पडत असेल तरच बसावे. तिथे वारा फार असतो, आणि वारा असला की बोट निघत नाही. आपल्याकडच्या रात्री नऊपासून मध्यरात्रीपर्यंतचा काळ अधिक सोयीचा आहे.

निवांत | २० जुलै, सकाळी ८.२०

एक वेगळे मत मांडतो. पिले घेऊन आलेल्या प्राण्यांच्या मधोमध रोज एक बोट फिरवायची, तिच्या पंख्याचा आवाज पाण्यात सोडायचा आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचे, हे मला पटत नाही. बेलुगांचे सारे व्यवहार आवाजावर चालतात. उंबरठाताईंच्या आईंना समुद्र पाहायचा असेल तर उत्तम माहितीपट उपलब्ध आहेत. त्यात चित्रण स्वच्छ असते, निवेदन असते आणि चार दिवस बुडबुडे पाहावे लागत नाहीत.

विनिपेगकर | २० जुलै, रात्री ९.१५

निवांत, आपला पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो तिथेही घेतला गेला आहे. २०१८ मध्ये कॅनडाने सागरी सस्तन प्राण्यांपासून राखण्याच्या अंतराचे नियम कडक केले, त्यात चर्चिलच्या बेलुगांसाठी ५० मीटर अंतर ठरवले. बोटीने त्यांच्याकडे जायचे नाही. ते स्वतः आले तर गोष्ट वेगळी. अडचण अशी की ते स्वतः येतात, आणि पुष्कळ येतात. गावातल्या नौकाचालकांनी तेव्हा बरीच कुरकुर केली होती.

पण चर्चिलच्या बाबतीत मागचा हिशेबही पाहावा. १९६० च्या दशकापर्यंत तिथे या प्राण्यांची व्यापारी शिकार होत होती. त्यानंतर मत्स्यालयांसाठी त्यांना जिवंत पकडणे सुरू राहिले, ते १९९२ पर्यंत. देवमासे आणि डॉल्फिन करमणुकीसाठी बंदिस्त ठेवण्यावर कॅनडाने २०१९ मध्ये कायद्याने बंदी घातली. ज्या नदीमुखातून बेलुगा उचलून काचेच्या टाक्यांत नेले जात होते, त्याच नदीमुखात आता एक बोट जगाला ते जागच्या जागी दाखवते आहे. मला हा व्यवहार पूर्वीपेक्षा बरा वाटतो, निर्दोष वाटत नाही.

मधुमालती | २० जुलै, रात्री ११.०२

निवांत यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझे उत्तर आहे. माहितीपटात देवमासा येणारच, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असते, कारण तो नसलेले सगळे कापून टाकलेले असते. इथे तो न येण्याचीही पूर्ण शक्यता असते.

शिवाय त्या रिकाम्या पाण्याचाही उपयोग झाला आहे. विनिपेगच्या असिनिबॉइन पार्क प्राणिसंग्रहालयाचा 'बेलुगा बिट्स' नावाचा प्रकल्प आहे. थेट प्रक्षेपण पाहणारे लोक जी स्थिरचित्रे टिपतात, ती 'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर ठेवली जातात आणि जगातला कोणीही तिथे जाऊन त्यांची छाननी करू शकतो. मी दोन हिवाळे केली आहे. चित्रात बेलुगा आहे का, किती आहेत, पांढरा की करडा, पोटाची बाजू दिसते का, अंगावर एखादा व्रण आहे का, असे साधे प्रश्न असतात. पोटाची बाजू महत्त्वाची, कारण तिच्यावरून नर की मादी ते सांगता येते. व्रणांवरून तोच प्राणी पुढच्या वर्षी परत आला का, ते शोधता येते. आणि 'यात काहीच नाही' अशी नोंद लोकांनी ज्या चित्रांवर केली, तीही वाया गेली नाहीत. अशा वर्गीकरणाच्या आधारे संगणकाला शिकवण्यात आले, म्हणजे रिकामे पाणी त्याने आपोआप बाजूला काढावे. उंबरठाताई, तुमच्या चार संध्याकाळी पाहिलेल्या पाण्याला शास्त्रात जागा आहे.

शेंगदाणा | २० जुलै, रात्री ११.०९

माझ्या वार्षिक मूल्यमापनातही 'यात काहीच नाही' अशीच नोंद असते. ती कोणाच्या उपयोगी पडली, ते शोधायला हवे.

उत्रेख्तवासी | २१ जुलै, दुपारी २.४४

थोडे अवांतर. आमच्या उत्रेख्त शहरात कालव्याच्या बंद दरवाजाशी असाच पाण्याखालचा कॅमेरा २०२१ पासून दर वसंतात लावतात. मासे वर जायला अडले आहेत असे दिसले की पाहणाऱ्याने पडद्यावरची घंटा दाबायची, मग माणूस जाऊन दरवाजा उघडतो. ते गोडे पाणी आहे, समुद्र नव्हे. पण घरबसल्या माशासाठी दार उघडायला लावण्याचे समाधान बेलुगा देत नाहीत. ज्यांना थांबणे जमतच नाही त्यांनी मायामीच्या बंदरातील 'कोरल सिटी कॅमेरा' पाहावा. तो २०२० पासून एका जागी रोवलेला आहे आणि प्रवाळांभोवती काही ना काही हलत असतेच.

पाणकोंबडी | २१ जुलै, सायंकाळी ६.३०

असा कॅमेरा मालवणला का लावत नाहीत? तिथे तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

खारेवारे | २१ जुलै, रात्री ८.१२

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पाणी निवळते तेव्हा काही महिने ते जमण्यासारखे आहे. म्हणून तर लोक तिथे स्नॉर्केलिंगला जातात. पण जून-जुलैत आमच्याकडे कॅमेरा पाण्यात सोडला तर जगाला थेट चहा दिसेल, तोही दुधाचा. त्यावर काचेवर शेवाळ आणि कालवे बसतात, ती खरवडायला माणूस हवा. चर्चिलची बोट रोज किनाऱ्याला येते, त्यामुळे त्यांची तेवढी सुटका होते.

भिंग | २१ जुलै, रात्री ९.००

चर्चिलचे पाणीही काचेसारखे नाही. नदी दलदलीच्या प्रदेशातून येते, तिच्या पाण्याला कोऱ्या चहाची छटा असते, आणि कॅमेऱ्यात ते हिरवट दिसते. काही मीटरपलीकडचे काही कळत नाही. म्हणून पाहण्यापूर्वी ऐकावे. पाण्यात ध्वनिग्राहक सोडलेला असतो, त्याचा आवाज बंद ठेवू नये. बेलुगांना जुने दर्यावर्दी समुद्रातले कॅनरी पक्षी म्हणत, ते उगीच नव्हे. शिट्ट्या, करकर, दार कुरकुरल्यासारखे आवाज, टकटक असे सगळे एका वेळी चालू असते. आवाज दाट होऊ लागला की एकदोन मिनिटांत हिरव्यातून पांढरे उमटते.

आणखी एक खूण. पांढऱ्या आईच्या कुशीला चिकटलेली करडी सावली दिसली तर ते पिल्लू असते. ती जन्मतः करडी असतात आणि पूर्ण पांढरी व्हायला बरीच वर्षे लागतात. आणि एखाद्याने मान वळवून पाहिले तर दचकू नये. बहुतेक देवमाशांच्या मानेचे मणके जुळलेले असतात, बेलुगाचे सुटे असतात, म्हणून तो खरोखरच मान वळवतो.

उंबरठा | २८ जुलै, रात्री १.२०

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण गेला आठवडा आमच्या घरातील झोपेचे वेळापत्रक चर्चिलच्या भरतीवर चालले आहे.

खारेवारे म्हणाले तसेच झाले. तिथीची पाऊणपट म्हणताच आईने मला वेड्यात काढले, "हे तुला आत्ता कळलं होय?" सरकारी तक्त्यातून मी बावीस तारखेची भरती तिला काढून दिली, ती आपल्याकडच्या वेळेने रात्री दहाला होती. तिने भिंतीवरचे 'कालनिर्णय' उतरवून मांडीवर घेतले आणि पुढच्या आठवड्याच्या चौकटींत पेन्सिलीने वेळा लिहून टाकल्या. तर्कट यांची दुरुस्ती मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली की तिच्या वडिलांच्या होडीला घड्याळ नव्हते. तरीही तिने नंतर प्रत्येक वेळेपुढे 'मा. पु.' असे लिहिले. मागेपुढे.

बावीस व तेवीसला बोट आलीच नाही, बहुधा वारा असावा. चोवीसला साडेअकराला प्रक्षेपण सुरू झाले आणि वीस मिनिटे पुन्हा तेच हिरवे पाणी होते. या खेपेस आवाज मोठा ठेवला होता. भिंग यांनी वर्णन केलेली दाराची कुरकुर आम्ही दोघींनी एकदमच ऐकली; मला खरेच वाटले की मागचे दार उघडले, आणि मी उठून पाहून आले. तेवढ्यात आई ओरडली. मी परत येईपर्यंत तीन पांढरे आणि एक करडा पडद्याच्या डाव्या बाजूने निघून जात होते. म्हणजे पहिले देवमासे मी शेपटीकडून पाहिले. नंतर मात्र पाऊण तास ते येत राहिले. एक जण पोट वर करून बराच वेळ कॅमेऱ्याखाली राहिला, तेव्हा मला मधुमालती यांची आठवण झाली आणि मी चित्र टिपले. ते अंधुक आले आहे, पण पोटाची बाजू आहे.

आता एक अडचण. आईच्या हिशेबाने एकतीसपासून भरती पहाटे पाचच्या पुढे सरकते, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळी बोट असते का?

विनिपेगकर | २८ जुलै, सकाळी ६.०५

माझ्या पाहण्यात तरी त्या वेळी क्वचितच असते. पण दिवसाला दोन भरत्या असतात हे विसरू नका. पहाटेची पुढे सरकली की तिच्या साडेबारा तास आधीची भरती आपल्या संध्याकाळच्या बाजूला येऊ लागते. त्यांचे लिहून झाले असेल तर आईंना दुसरा रकाना काढायला सांगा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हंगाम आहे.

उंबरठा | २८ जुलै, सकाळी ८.४०

दुसरा रकाना तिने आधीच काढला आहे, मीच पाहिला नव्हता. एकतीसला संध्याकाळी पावणेपाच, म्हणजे तिथे सकाळचे सव्वासहा, म्हणून तिने त्यावर फुली मारली आहे. चार ऑगस्टला आठच्या सुमारास, आणि त्यापुढे तिने लिहिले आहे, 'जेवण आधी.'

शेंगदाणा | २८ जुलै, सकाळी ९.१२

चार तारखेला रात्री आठला मीही बसतो. सुकटीचा डबा घेऊन, या वेळी ताजे देवमासे पाहायला.